तीन ते चार, बावखलाकाठी

मटिल्डा मेलेल्या बहिणीशी फोनवर बोलते, ही बातमी आमच्या निर्मळ गावात आणली कळंबच्या धर्माने, ताज्या मांदेलीबरोबर.

लॉकडाऊनचे दिवस. मासळीबाजाराला कुलूप, म्हणून धर्मा स्कूटरवर पायाशी डबा ठेवून वाडीवाडीतून फिरायचा. पोलीस दिसला की डबा गवतात, आणि धर्मा आईचं औषध आणायला निघालेला. मास्क कायम हनुवटीवर. त्या शनिवारी त्याने मांदेली दाखवायच्या आधीच आवाज खाली आणला, तेव्हा मी ओळखलं की आज दुसराच माल चांगला आहे.

“बाबा, बुधवारी पन बघितलं, बेस्तरवारी पन बघितलं. सोताच्या डोल्यांनी. मटिल्डा मावशी बावखलाच्या काठाला, कानाला फोन लावून हसत होती. तिची बहीन टीचर तर मेली मंगलवारी. मंग मावशी हसत होती कोनाशी?”

“कोणाशी?” मी विचारलं. अशा गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात मजा असते.

“ते मी कशाला बोलू,” धर्मा म्हणाला, आणि पुढची वीस मिनिटं तेच बोलला.

रविवारपर्यंत बातमी वाघोली ओलांडून गेली. माणसांना बंदी होती, बातमीला पास लागत नव्हता. जाता जाता तिला हातपाय फुटले. कोणी म्हणालं, फोन मटिल्डाने लावलाच नव्हता, तो आपोआप वाजायचा. कोणी म्हणालं, पलीकडून टीचरचा आवाज स्पष्ट येत होता आणि ती सतराचा पाढा म्हणत होती. पाढ्याचं ते मीच घातलं होतं. माझं घर बावखलाच्या समोरच्या काठाला, त्यामुळे साक्षीदार म्हणून माझा भाव मोठा होता. त्या भावाला जागायला नको?

बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आजूबाजूच्या विहिरी त्यावर जगतात. ह्या बावखलाच्या काठाला एक उंबर आहे. अख्ख्या आळीत फोनला नीट रेंज मिळते ती तेवढ्याच उंबराखाली; घरात फोन वाजतो, पण आवाज तुटतो. त्यामुळे कोण कोणाशी किती वेळ बोलतं, हे आमच्याकडे लपत नाही.

मटिल्डा तेव्हा चौसष्टची होती. तिच्या हसण्याबद्दल निर्मळात कायमची तक्रार. ती हसली की तीन वाड्यांपलीकडची कुत्री भुंकायची. तरुणपणी एकदा चर्चमध्ये भर मिस्सात हसली म्हणून फादरांनी प्रवचन थांबवून तिच्याकडे पाहिलं होतं. हसवणारा मी होतो, पण मार तिने खाल्ला. लग्न झालं गावातच, ॲन्सेल्मशी. वाडी ॲन्सेल्मची, जास्वंद ॲन्सेल्मची, चाफाही त्याचाच. फक्त रोज उजाडायच्या आत उठून हजार-दीड हजार कळ्या खुडायची ती मटिल्डा. ॲन्सेल्मचा स्वभाव वाईट नाही. एका जागी बसून सगळ्या जगाला हाक मारायची, एवढीच त्याची सवय. “मटिल्डा, चष्मा.” “मटिल्डा, पंप बंद झाला वाटतं.” “मटिल्डा, मी काय शोधत होतो?”

एलिसा तिची थोरली बहीण. एकाहत्तरची. चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, आणि आमच्या आळीतल्या अर्ध्या माणसांच्या तळहातावर तिची पट्टी पडलेली आहे. लग्न केलं नाही. चार स्थळं नाकारली. त्यातलं एक अजून दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतं आणि तिचं नाव निघालं की खोकतं. निवृत्तीच्या पैशातून तिने बोळिंजला एका मोठ्या संकुलात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. स्वच्छ, नेटकं, एकटीचं. फोन बटणांचा. “मला बोलायला फोन हवा, बघायला नको,” म्हणायची.

आणि तिचं ॲन्सेल्मशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बावखलाचा अर्धा भाग ह्या बहिणींच्या बापाचा. ॲन्सेल्मने टेम्पो उभा करायला त्यातला एक कोपरा डबर टाकून बुजवला. टेम्पो दोन वर्षांत विकला, कोपरा तसाच राहिला. “माझ्या बापाचं पाणी बुजवलंस,” म्हणून एलिसा जी उठली ती पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. बहिणींचं मात्र चालू होतं. रिक्षाने मटिल्डा बोळिंजला जायची, केळी आणि चाफा घेऊन. परत यायची ती शिव्या खाऊन. शिव्या नवऱ्यासाठी असायच्या, फक्त पोचवायचं काम हिच्याकडे.

मग मार्च आला आणि सगळं बंद झालं.

मटिल्डाची सून मुंबईच्या एका इस्पितळात नर्स. ती तिकडेच अडकली, म्हणजे तिथेच एका लॉजमध्ये ठेवली गेली. सात वर्षांची नात इकडे. मुलगा कॅल्विन वाय-फाय लावून कंपनीचं काम घरून करायला लागला. घरात दार लागणारी खोली एकच, ती त्याने घेतली. आत पंखा, कॉम्प्युटर आणि मीटिंग. बाहेर मटिल्डा. भांडं आपटलं की आतून आवाज यायचा, “मम्मी, प्लीज!” सकाळी नातीच्या इंग्रजी शाळेने फोनवर वर्ग सुरू केले. तो फोन मटिल्डाचा. वर्ग संपला की नातीचा आईबरोबर व्हिडिओ कॉल, मग कार्टून. मध्ये कोणाचा फोन आला की पोर कट करून टाकायची. एलिसाचाही एकदा केला. त्यावर एलिसाने स्वतःच नियम घातला: फोन तीन ते चार, तोही मटिल्डाने करायचा. पोरीची शाळा मोडायची नाही. टीचरच ती.

आणि फुलं. देवळं बंद, मुंबईचा फुलबाजार बंद, लग्नं बंद. कळी कोणाला नको होती. पण ॲन्सेल्म म्हणाला, कळ्या काढायच्याच, नाही काढल्या तर झाड कळी धरायचं विसरतं. म्हणून मटिल्डा रोज उजाडायच्या आत उठायची, दीड हजार कळ्या खुडायची, टोपलीत भरायची, आणि वाडीच्या टोकाला खड्डा खणला होता त्यात ओतायची. मी तिला विचारलं, “अगे, ह्याला काय म्हणायचं?” ती म्हणाली, “व्यायाम.” पहिल्या आठवड्यात ती हे हसून म्हणाली. ईस्टरनंतर पुन्हा विचारलं तेव्हा ती टोपली झटकून निघून गेली. खड्ड्यात वर लाल, खाली काळं, आणि वास असा की धर्माची मासळी बरी.

आता फेबियन. हा बँकेतून निवृत्त झालेला, पण कागदावर बरोबरच्या खुणा करायची सवय सुटली नाही. आमच्या आळीत वीस-बावीस घरांचा प्रार्थनेचा समूह आहे, त्याचा हा प्रमुख. लॉकडाऊन लागल्यावर त्याने खरंच चांगलं काम केलं. आळीशी नातं असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्या माणसांची यादी केली. प्रत्येकापुढे एका नातेवाइकाचं नाव. त्या नातेवाइकाने रोज फोन करायचा, आणि संध्याकाळी फेबियन फाटकाबाहेर दहा फुटांवर उभा राहून विचारणार. एलिसापुढे अर्थातच मटिल्डा.

“मटिल्डा वहिनी, एलिसा टीचर?”

“बरी आहे.”

बरोबरची खूण. पुढचं फाटक.

शिवाय त्याने एक नियम केला, की ज्याच्यापुढे नाव लिहिलंय त्याला बाकीच्यांनी उगाच फोन करायचे नाहीत. दहा जण दहा अफवा सांगतात, म्हातारी माणसं घाबरतात. नियम शहाणपणाचा होता, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. टीचरचे जुने विद्यार्थी तिला अधूनमधून फोन करायचे, तेही थांबले. पहिल्या बाकावरच्या त्या माणसाने फेबियनकडे दोनदा चौकशी केली म्हणतात. फेबियनने त्याला यादी दाखवली.

तर रोज तीन वाजता मटिल्डा उंबराखाली येऊन बसायची. सुरुवातीला स्पीकर लावायची, कारण दिवसभर फोन नातीच्या हातात तापलेला असायचा, कानाला सोसवायचा नाही. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. मी समोर केळीच्या खोडाची सोपटं सोलत बसायचो. ऐकायला बसायचो असं म्हणा हवं तर. थोरल्या बहिणीला मटिल्डा बाय म्हणायची.

“बाय, जेवलीस?”

“जेवले. भाजी साबणाने धुतली होती, फेसच येत होता तोंडात. मटिल्डा, खालून आज कोणाला तरी नेलं गं.”

“कोणाला?”

“काय माहीत. दार कोण उघडणार? अँब्युलन्स आलेली, पांढरे कपडे घातलेली माणसं. मी गॅलरीत गेले नाही. गॅलरीत हवा येते.”

“हवेने काही होत नाही, बाय.”

“तुला काय माहीत? तू आठवी शिकलेली.” मग तो प्रश्न. “मटिल्डा, मला प्लॅस्टिकात पुरतील का गं?”

“तुला काही झालेलं नाही.”

“पण झालं तर?”

“मी देणार नाही. तुझी ती पांढरी साडी नेसवीन, केसात चाफा घालीन. घंटा वाजेल, सगळी आळी येईल.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

“उद्या करशील ना फोन?”

“तीन वाजता.”

दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशी हेच. भाजी, अँब्युलन्स, हवा, प्लॅस्टिक, शप्पथ. एलिसाने नोटा धुतल्या, किल्ल्या धुतल्या, दारावरची घंटी धुतली ती बंद पडली. हातांची कातडी फाटली, त्यावर मीठ लागलं की ती रडायची. चौतीस वर्षं जिने कोणाला रडू दिलं नाही, ती बाई फोनवर लहान मुलीसारखी हुंदके द्यायची, आणि मटिल्डा म्हणायची, “हो बाय. नाही बाय. मी आहे ना बाय.” तेवढ्यात वाडीतून हाक. “मटिल्डा, चहाचं काय झालं?” खोलीतून, “मम्मी, चार्जर!” मागून नात, “मामा, फोन दे ना, झाला का तुझा?” आमच्याकडे नात आजीला मामा म्हणते.

फोन ठेवल्यावर मटिल्डा लगेच उठायची नाही. मांडीवर फोन, आणि डोळे पाण्यावर. टीचरच्या जिवाला तेवढा एकच दोरा होता आणि तो हिच्या हातात. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही, फेबियनच्या यादीलाही. दोरा धरणारीचं काय, हा रकाना यादीत नव्हता.

ती झिजत होती ते दिसत होतं. भातात मीठ दोनदा, कधी नाहीच. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना सांगताना मध्येच अडकायची. तिच्या अंगणातला आवाज थांबला की मी इकडून पुढचे शब्द मोठ्याने म्हणायचो. एकदा अंगणातल्या चुलीवर रिकामा टोप ठेवून त्याच्याकडे बघत उभी होती, टोप लाल होईपर्यंत.

ह्याच दिवसांत फेबियनने समूहातल्या सगळ्यांच्या फोनवर एका डॉक्टरीणबाईचा व्हिडिओ पाठवला. मागे कुंडीत झाड, समोर बाई, गोड आवाज. दीर्घ श्वास घ्या. छंद जोपासा. दिवसातला एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा. मटिल्डाने तो माझ्या समोर पाहिला, कुंपणापाशी उभी राहून. संपल्यावर म्हणाली, “कुठे ठेवायचा?”

“काय?”

“तास. घरात ठेवला तर कोणीतरी घेऊन जाणार.”

कॅल्विनच्या कंपनीनेही त्याच आठवड्यात तणाव कसा हाताळावा यावर दोन तासांचं सत्र ठेवलं. तो आत बसून ऐकत होता आणि बाहेर मटिल्डा कपडे आपटत होती. “मम्मी, पाच मिनिटं शांत बसशील का? इथे मनःशांतीचं चाललंय!” हे मी सगळ्या आळीला सांगितलं. लोक पोट धरून हसले. मीही हसलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, “एक तास मला कोणी हाक मारली नाही ना, तर मी बरी होईन.”

मी म्हटलं, “मग मर की. मेलेल्याला कोण हाक मारतो?”

माझ्या जिभेला हाड नाही हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. अशा बोलण्यावर ती हसायची. त्या दिवशी तिने ते नीट ऐकून घेतलं, जसं काही मी पत्ता सांगितला, आणि आत गेली.

आणि मग गंमत बघा, ती सुधारली. एप्रिलच्या शेवटी शेवटी तिच्या चेहऱ्यावर रक्त दिसायला लागलं. तीन वाजता येऊन उंबराखाली बसायची. स्पीकर लावणं तिने बंद केलं होतं, फोन कानाला धरायची, त्यामुळे माझी पंचाईत झाली, पलीकडचं काही ऐकू येईना. पण हिचे ओठ हलताना दिसत. मध्येच मान डोलवायची. मध्येच हसायची; ते मोठं हसणं नव्हे, बारीक. पाणकोंबडी पिलं घेऊन बावखलात उतरली की फोनवर बोलता बोलता तिच्याकडे बघत राहायची. वाडीतून ॲन्सेल्मची हाक आली की हात वर करून दाखवायची, बोलतेय, थांबा. घरातले थांबायचे. बहिणीचा जीव तिच्यावर आहे हे सगळ्यांना मान्य होतं. त्या तासाला चहा ॲन्सेल्म स्वतः करून घ्यायला लागला. चौऱ्याऐंशी साली लग्न झालेला माणूस, पहिल्यांदा गॅस पेटवला.

मी फेबियनला म्हटलं, “टीचर सावरलेली दिसते. बहिणी हसतात हल्ली.”

“नियमित संपर्क,” फेबियन म्हणाला. “मी पहिल्यापासून सांगत होतो.” संध्याकाळी फाटकापाशी, “एलिसा टीचर?” “बरी आहे.” बरोबरची खूण.

पंधरा मे, शुक्रवार. तीन वाजून गेले होते. मटिल्डा उंबराखाली, फोन कानाला. मी समोर. कॅल्विन घरातून बाहेर आला, अनवाणी, आणि हा मुलगा अंगणातसुद्धा बूट घालून येतो. चालत चालत बावखलापर्यंत आला आणि आईच्या पाठीमागे उभा राहिला.

“मम्मी.”

तिने मागे न बघता हात वर केला. थांब.

“मम्मी, बोळिंजवरून फोन आला होता. एलिसा मावशी...”

“थांब रे,” ती म्हणाली. “मावशीशीच बोलतेय.”

कॅल्विनचा चेहरा मी पाण्यापलीकडून पाहिला. तो खाली बसला. आईच्या हातातून त्याने फोन काढून घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि खिशात टाकला. मग तिला काहीतरी हळू सांगितलं. ती उठली नाही, ओरडली नाही. तिचा हात कानाशी तसाच राहिला, फोन नसलेला.

झालं होतं ते असं. संकुलाच्या वॉचमनला टीचरच्या दाराला दुधाच्या तीन पिशव्या लटकलेल्या दिसल्या. बुधवारची, गुरुवारची, शुक्रवारची. दार तोडलं. ती पलंगावर नव्हती, दाराजवळ जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले मंगळवारी गेली असणार, हृदय. पण घशाचा नमुना तपासायला घेतला आणि अहवाल येईपर्यंत नियम तो नियम. गावच्या दफनभूमीत आणली ती पांढऱ्या कपड्यातल्या चार माणसांनी, प्लॅस्टिकात. घंटा वाजली, फादर आले, जवळची पाच माणसं. आळी आपापल्या फाटकात उभी राहिली. मटिल्डा भिंतीशी उभी होती, हातात पिशवी, पिशवीत ती पांढरी साडी. ती कोणाच्या हातात द्यायची हे तिला कोणी सांगेना. शेवटी ती घेऊनच घरी आली. अहवाल चार दिवसांनी आला. टीचरला काही झालेलं नव्हतं.

ती सापडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, धर्मा मांदेली घेऊन आला.

भुताच्या गोष्टीला त्या दिवसांत जो भाव आला तो मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि नवल म्हणजे घरच्यांनी ती खोडली नाही. फेबियनने यादी खिशात घातली ती पुन्हा काढली नाही. मला वाटलं, लाजलेत, किंवा घाबरलेत. लोक मटिल्डाच्या फाटकासमोरून जाताना हळू चालायचे. एक म्हातारी लांबून क्रूस करायची. मटिल्डा उजाडायच्या आत कळ्या खुडायची आणि खड्ड्यात ओतायची. तीन वाजता उंबराखाली यायची, मोकळ्या हातांनी, आणि चारला उठायची. आता तिला कोणी हाक मारत नव्हतं.

मेच्या शेवटी जितेंद्र आला. शेजारच्या आळीतला, भाजीचा टेम्पो चालवणारा, पस्तिशीचा पोरगा. त्याची आई एप्रिलमध्ये इस्पितळात नेली ती परत दिसली नाही. लांबून त्याला एक पांढरं गाठोडं दाखवलं, आणि म्हणाले, हीच. तो काठावर दहा फुटांवर उभा राहिला. हातात कागदाचा तुकडा.

“काकी, रागवू नका.”

“बोल.”

“आईचा नंबर आहे. फोन तिच्याबरोबरच गेला, मला परत दिला नाही. मी लावतो तर बंद सांगतात. तुमचा लागतो म्हणतात.” त्याने कागद पुढे धरला. “एकदाच लावा. जास्त काही नाही. तिला रात्री पाणी लागायचं. फक्त विचारा, पाणी मागितलं तेव्हा कोणी दिलं का.”

मी सोपटं खाली ठेवली. सतराचा पाढा मीच घातला होता त्या गोष्टीत.

मटिल्डाने त्याच्याकडे पाहिलं. “बस,” म्हणाली. तो बसला, दहा फुटांवर. मग तिने त्याला सांगितलं, सगळं, एका आवाजात, जसं दुसऱ्या कोणाचं असावं. मी इकडे आहे हे तिला दिसत होतं. पाण्यावरून आवाज येतो हेही तिला ठाऊक होतं. तिने आवाज खाली आणला नाही.

ऐकून जितेंद्रने कागदाची घडी केली. “मी कोणाला बोलणार नाही, काकी,” म्हणाला, आणि अजूनपर्यंत बोललेला नाही. मी पण पाच वर्षं बोललो नाही, आणि माझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल हे मला ओळखणाऱ्याने ठरवावं. गेल्या वर्षी मटिल्डाच कुंपणापाशी म्हणाली, “सगळ्या जगाचं सांगत फिरतोस, माझं खरं तेवढं का नाही सांगत? भूत म्हणून राहिलीय ती लोकांत. टीचर होती.” मटिल्डा आता सत्तरीला आली आहे. ती हसत नाही. फोन तिने पुन्हा घेतला नाही.

खरं ते एवढंच. चोवीस एप्रिलला तीन वाजता मटिल्डा फोन लावायला बसली आणि तिच्याने लावला गेला नाही. तिने फोन बंद केला. घरच्यांनी हाक मारू नये म्हणून तो कानाला धरला, ओठ हलवले. उद्या लावू म्हणाली. दुसऱ्या दिवशीही लावला नाही, आणि मग कधीच नाही. एलिसा मरेपर्यंत असे एकोणीस दिवस गेले, मेल्यावर आणखी तीन. त्या एकोणीस दिवसांत एलिसाने रोज तीनला मटिल्डाचा नंबर लावला होता, ते कॅल्विनने तिच्या बटणांच्या फोनमध्ये पाहिलं. एकदा तिने कॅल्विनलाही लावला होता. त्याच्या फोनने आपोआप इंग्रजीत उत्तर पाठवलं होतं, की मी मीटिंगमध्ये आहे. मटिल्डा भुताशी बोलत नव्हती. ती कोणाशीच बोलत नव्हती.